ड्रायव्हरला कोणी नेलं?

माझ्या गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नुसत्या किल्ल्या आहेत. कुलपं विकली गेली, बदलली गेली, गंजून भंगारात गेली. किल्ल्या तेवढ्या मागे राहिल्या. कोणती कशाची, हे आता मलाही सांगता यायचं नाही. पण फेकवत नाहीत. किश्श्यांचंही तसंच होतं बघा. माणूस येतो, बसतो, बोलतो, उठून जातो आणि काहीतरी मागे राहतं. दुकान जितकं थंड, डबा तितका भरलेला!

आणि आमचं दुकान सध्या चांगलंच थंड आहे. जबलपूरच्या सदर बाजारात आमच्या वडिलांनी लोखंडी पेट्यांचा धंदा सुरू केला. ते वर्ध्याकडचे. फौजी माणसाची बदली झाली की काळी पेटी लागायचीच. वर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, पलटण. मी आठवीपर्यंत शिकलो. पुढचं इंग्रजी मला या पेट्यांनी शिकवलं. आता फौजीसुद्धा चाकांची बॅग ओढत जातो. तेव्हा आमच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि बसणारे जास्त. बसायला पेट्या आहेतच!

त्या पेट्यांवर बसून गेल्या वर्षभरात आम्ही एक अपहरण केलं. एका मंत्र्याच्या ड्रायव्हरचं. घाबरू नका, कागदावर केलं. पण थकवा खऱ्याचा आला.

*

कादंबरी लिहीत होते आमचे घाटोळे. सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. सदरमध्येच, माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहतात. आयुष्यात त्यांनी सुटीच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. मग एकदम कादंबरी काहून? तर वहिनींसाठी.

सुमनवहिनींना रहस्यकथांचा भारी नाद. आपल्या मराठी वाचनालयातलं एकही खून-चोरी-अपहरण त्यांनी सोडलं नाही. आणि बाई अशी तयार, की पुस्तक अर्धं व्हायच्या आधी गुन्हेगार पकडायच्या. पकडला की गप्प बसायच्या नाहीत. शेवटी वाचनालयाच्या बाईंनी हात जोडले, "सुमनताई, पुस्तक न्या, पण परत करताना कोणाला काही सांगू नका. लोक मग ते पुस्तक नेतच नाहीत!"

पुढे वहिनींना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण आधी साखर खाली आणा, तोवर आराम. आता ही बाई पडून पडून करणार काय? वाचनालय वाचून संपलेलं. तेव्हा घाटोळे म्हणाले, "तुला ओळखता येणार नाही असा गुन्हेगार मी लिहितो."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही? तुमचा गुन्हेगार तर पहिल्याच पानावर येऊन चहा पिईल!"

बस. इथून सुरुवात.

*

पहिलं प्रकरण घाटोळेंनी दुपारी माझ्या दुकानात वाचलं. घरी वहिनींना संपूर्ण झाल्यावरच वाचून दाखवायचं, असा बेत होता. श्रोते दोन: एक मी, दुसरे तिवारीजी.

तिवारीजी कांचघर मोहल्ल्यातले. सारी हयात एका पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात गेली. तिकीट एकदाच मिळालं, तेही दिल्लीच्या रॅलीला जायचं, रेल्वेचं! शेजारपाजार मराठी, त्यामुळे मराठी सगळं समजतं. बोलतात मात्र हिंदीतच. घाटोळेंनी राजकारणाच्या बाबतीत त्यांना सल्लागार नेमलं होतं.

घाटोळेंनी आधी दरवाज्याकडे पाहिलं. मग रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ही त्यांची सवयच. मग घसा साफ केला आणि वाचलं:

"एका शहरात, एका अमुक दिवशी, एका अमुक पदावरील व्यक्तीच्या वाहनाचा अमुक कर्मचारी अमुक रस्त्याने जात असता, काही इसमांनी त्यास अमुक ठिकाणी नेले."

पान उलटलं. मागच्या बाजूला काही नव्हतं.

तिवारीजींनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाले, "भैया, ये उपन्यास है कि समन?"

मी विचारलं, "घाटोळे, कोणाला नेलं? कुठून नेलं?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"कोणाची परवानगी? कादंबरी तुमची, पात्रं तुमची!"

"होय नं शेठ," घाटोळे चष्मा पुसत म्हणाले, "पण उगाच काहून सांगून ठेवायचं?"

*

यात त्यांचा दोष नाही. गोळाबारूदच्या फॅक्टरीत नोकरीला लागले, त्या दिवशी साहेबांनी नव्या पोरांना उभं करून शपथ दिली होती: इथे काय बनतं, ते या फाटकाच्या बाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी पानठेल्यावर सगळं सांगून मोकळे झाले. घाटोळेंनी मात्र ते ऐकलं आणि ठेवून दिलं.

लग्न झालं. वहिनींनी विचारलं, "तुम्ही तिथे काय बनवता?" उत्तर मिळालं, "सांगायची परवानगी नाही." त्यानंतर नोकरीभर त्या अधूनमधून विचारत राहिल्या, जसं आपण कोणाला 'चहा घेता का' विचारतो, तसं. माहेरचे विचारायचे, जावईबापू काय काम करतात? वहिनी सांगायच्या, "सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मधलं सरकारला माहीत."

ज्या दिवशी रिटायर झाले, हार गळ्यात घेऊन घरी आले, त्या दिवशी वहिनींनी दारातच गाठलं. "आता तरी सांगा, काय बनवत होते?"

घाटोळे म्हणाले, "मी रिटायर झालो. शपथ थोडीच रिटायर झाली!"

*

पण वहिनीही काही कमी नाहीत. हा किस्सा त्यांनीच मला सांगितला.

घाटोळेंची एकदा बढती झाली. ते घरी बोलले नाहीत. बढती ही काही गुप्त गोष्ट नव्हती, पण सवय! आठवड्याभरानं जेवताना वहिनींनी ताटात शिरा वाढला.

"आज शिरा काहून?"

"तुमचं प्रमोशन झालं म्हणून."

घाटोळेंचा घास तसाच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"शर्टानं! इतकी वर्षं बाहीला तेलाचा डाग यायचा. या आठवड्यात डाग नाही. खिशापाशी शाई आहे. म्हणजे मशीनवरून टेबलावर बसवलं नं तुम्हाला?"

घाटोळेंनी शिरा खाल्ला.  आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचे शर्ट स्वतः धुवायला लागले!

*

तर अशा माणसाकडून आम्ही कादंबरी काढून घेत होतो. दात काढल्यासारखी. महिनाभर खनपटीला बसल्यावर एकदाचं कळलं, की नेलेला माणूस मंत्र्याचा ड्रायव्हर आहे.

मी म्हटलं, "मंत्र्यालाच पळवा नं. मोठं नाव, मोठी गडबड."

घाटोळे म्हणाले, "मंत्र्याला काय माहीत असतं? सारं ऐकतो तो पुढच्या सीटवरचा."

मला पटलं. गोष्ट अशी होती, की मंत्री स्वतःचंच सरकार पाडायला निघाला आहे. सिविल लाइंसमधल्या एका बंगल्यात गुपचूप बैठका होऊन राहिल्या आहेत. कोण येतं, कोण जातं, हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक. आणि एका सकाळी त्याची गाडी नर्मदेच्या घाटावर सापडते. दार उघडं, ड्रायव्हर गायब. घरी बायको. तिला त्यानं कधी काही सांगितलेलंच नाही.

पण ड्रायव्हरला नाव काही मिळेना. 'अमुक ड्रायव्हर', 'सदर ड्रायव्हर' असंच चाललं होतं. शेवटी वैतागले ते रफीकभाई. आमच्याकडे पेट्यांवर नावं रंगवतात ते. एका दुपारी कुंचला खाली ठेवून म्हणाले, "साहब, मैं तो इतना जानता हूँ, जिस पेटी पे नाम नहीं, वो रेल में गुम हो जाती है. कोई ढूँढता भी नहीं. आदमी का भी यही है."

 दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचं नाव रामदीन झालं.

तिवारीजी म्हणाले, "चलो, अब कम से कम रिपोर्ट तो लिखी जा सकती है!"

*

राजकारणाच्या बाबतीत मात्र तिवारीजींनी फार त्रास दिला. रामदीनला अंधाऱ्या खोलीत खुर्चीला बांधलं आहे, तोंडात बोळा, असं प्रकरण घाटोळे रंगात येऊन वाचत होते. तिवारीजींनी हात वर केला.

"भैया, ये सब नहीं होता."

"मग काय होतं?"

"हमारे यहाँ अपहरण नहीं होता. पर्यटन होता है!"

मग त्यांनी आपला अनुभव सांगितला. कोणे एके काळी कुठल्याशा मतदानाच्या आधी पक्षानं काही मेंबरांना उचलून पहाडावरच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं होतं. पळून जाऊ नयेत म्हणून पहाऱ्याला तिवारीजी. मेंबर पहिल्या दिवशी रडले, फोन मागितला, बायकोचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पनीर आलं. तिसऱ्या दिवशी मालिशवाला आला. मतदानाच्या दिवशी गाडी दारात उभी, आणि मेंबर खोलीतून निघायला तयार नाहीत!

"एक तो पलंग पकड़ के बैठ गए," तिवारीजी म्हणाले. "बोले, तिवारी, हम अभी भी दबाव में हैं, दो दिन और रख लो."

घाटोळेंनी हे सगळं ऐकून घेतलं. पुढच्या प्रकरणात रामदीनच्या तोंडातला बोळा निघाला आणि त्याला जेवणाबरोबर लोणचं मिळायला लागलं.

*

एवढ्यात वहिनींना सुगावा लागला. नवरा रोज दुपारी कागद घेऊन कुठे जातो, हे त्यांच्यापासून लपणार थोडंच! एक दिवस ऑटोतून उतरल्या, धापा टाकत माझ्यासमोर उभ्या.

"भाऊजी, मला पेटी पाहायची आहे."

घाटोळे पान झाकून बसले. वहिनी त्यांच्याकडे पाहीनात. मी पेटी दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, आत हात फिरवला, झाकण लावलं आणि तिच्यावर बसल्या. "तुमचं चालू द्या. मी पेटी पाहून राहिली आहे."

पुढे प्रत्येक प्रकरणाला त्या पेटी पाहायला आल्या. एकच पेटी! घाटोळेही समजून चुकले. वाचायचे आमच्यासाठी, पण ऐकायचे वहिनींचा श्वास. धाप वाढली की त्या दिवशी रामदीनवर फारसं संकट आणत नसत.

पहिल्या दिवशी वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ही ड्रायव्हरची बायको कोण आहे, यात तर काही रहस्य नाही."

घाटोळेंचे कान लाल झाले.

पण गुन्हेगार त्यांना सापडेना. मंत्री? नाही. विरोधी पक्ष? नाही. बंगल्याचा चौकीदार? विचार करू लागल्या, तर पुढच्याच प्रकरणात घाटोळेंनी चौकीदाराला मोतीबिंदू झाल्याचं सांगितलं. वहिनी चिडायच्या, आणि चिडल्या की चेहऱ्यावर रंग यायचा. बरं वाटायचं बघायला.

*

पेटीवरून आठवलं. रामदीनला घाटावरून नेलं, ते पेटीत घालून, असं घाटोळेंनी लिहिलं. आता हा विषय माझा! मी म्हटलं, "घाटोळे, जी पेटी तुम्ही लिहिली आहे, तिच्यात माणूस मावत नाही."

"मावतो."

"मी पेट्या विकून म्हातारा झालो!"

वाद मिटेना. तिवारीजी अंगानं काडी. चप्पल काढून म्हणाले, "लो, अभी फैसला किए देते हैं." शिरले पेटीत. गुडघे हनुवटीला, मान तिरकी. बसले की हो! मी झाकण जरा टेकवून पाहिलं, तर कडी आपोआप कोयंड्यात पडली.

तेवढ्यात एक सुभेदारीणबाई दुकानात. नवऱ्याची बदली झालेली, सामान बांधायला वेळ नाही, चेहऱ्यावर वैताग. तडक त्याच पेटीपाशी आल्या. मजबुती पाहायला झाकणावर बोटांनी टकटक केली.

तिवारीजींची जन्माची सवय, कार्यालयाचं दार वाजलं की आतून आवाज द्यायची. पेटीतून आवाज आला, "कौन है? अध्यक्षजी अभी नहीं हैं!"

मी कडी काढायला धावलो. पण ती फौजीची बायको. भुवईसुद्धा हलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भैया, ये तो भरी हुई है. खाली वाली दिखाइए!"

*

तुम्ही म्हणाल, भर बाजारात बसून अपहरणाच्या गोष्टी करता, पोलीस नाही आले? आले नं! ठाकूर हवालदार, आमच्या बीटचे. दारात उभे राहून एक प्रकरण पूर्ण ऐकलं. त्यात घाटोळेंचा इन्स्पेक्टर रामदीनला शोधत तीन जिल्हे पालथे घालत होता. ना झोप, ना जेवण.

 ठाकूर आत आले. टोपी काढली. पेटीवर बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "ये इन्स्पेक्टर सोता कब है?"

घाटोळे म्हणाले, "तो कर्तव्यदक्ष आहे."

"घर में कोई नहीं है इसका? साली-साले की शादी नहीं पड़ती?" ठाकूरांचा आवाज एकदम दमलेला होता. "साहब, आपके हाथ में है. बेचारे को छुट्टी दे दीजिए."

घाटोळे मऊ मनाचे. त्यांनी इन्स्पेक्टरला खरंच मेहुण्याच्या लग्नाला पाठवलं. तिकडे हळद, वरात, जेवणावळी, रुसलेले व्याही, यात दोन प्रकरणं गेली! ठाकूर दोन्ही दिवस ड्यूटीवरून येऊन ऐकून गेले. खूश!

वहिनी मात्र पेटीवर बसून बोटं मोडत होत्या. "तिकडे तो माणूस कोंडलेला आहे अन् हे बुंदी वाढून राहिले! त्या रामदीनला कोणी पाणी तरी विचारलं का?"

*

मग साखर खाली आली. डॉक्टरांनी तारीख दिली.

त्या दिवशी वहिनी आल्या, पण पेटी पाहायची आहे असं म्हणाल्या नाहीत. घाटोळे दवाखान्याच्या कामाला गेले होते. वहिनी बसल्या, श्वास जागेवर येऊ दिला.

"भाऊजी, तुम्ही यांना समजवा. सोमवारी मला आत नेऊन राहिले. छाती उघडणार म्हणतात. अन् मला हेच माहीत नाही, की रामदीनला कोणी नेलं."

"तुम्हाला ओळखता आलं नाही?"

"नाही नं! जिंदगीत पहिल्यांदा." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "एक तरी गोष्ट सांगतील का हो मला? नोकरीभर विचारलं, काय बनवता, नाही सांगितलं. तेही जाऊ द्या. पण ही तर नुसती कादंबरी आहे. इतकं तरी ऐकून जाऊ द्यावं माणसाला."

'जाऊ' हा शब्द त्यांनी साधाच वापरला. मला मात्र तो दिवसभर पुरला.

संध्याकाळी घाटोळेंना पकडलं. मी व्यापारी माणूस, भाव करायला बसलो. म्हटलं, "पूर्ण नको. बाई की माणूस, इतकंच सांगा त्यांना."

मान हलली, नाही.

"बरं, सरकारी माणूस की खाजगी?"

नाही.

"अहो, बायको आहे ती तुमची! उद्या काही झालं तर?"

घाटोळेंनी दरवाज्याकडे पाहिलं, रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "शेठ, आजवर तिनं शेवट कळल्यावर एक तरी पुस्तक हातात धरून ठेवलं का? कळलं की मिटून टाकते. तिला सांगून टाकलं, तर ती परत काहून येईल?"

  त्या दिवशी मी उगाच किल्ल्यांचा डबा हलवत बसलो.

*

सोमवारी सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात. मी, थर्मास घेऊन तिवारीजी, आणि बंगलोरहून आलेली घाटोळेंची मुलगी शिल्पा. वहिनींना हिरवे कपडे घालून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. बांगड्या काढल्यामुळे हात कसेसेच दिसत होते.

ऑपरेशनच्या दारापाशी स्ट्रेचर आलं. वहिनी वॉर्डबॉयला म्हणाल्या, "भैया, जरा थांब रे." आणि घाटोळेंकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. नुसतं पाहिलं.

शिल्पा रडवेली झाली. "पापा, बता दो ना! मम्मी आत जाऊन राहिली आहे!"

घाटोळेंनी दाराकडे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "तिवारीजी, शेठ, तुम्ही जरा मागे व्हा. शिल्पा, तूही." आम्ही मागे झालो. ते वाकले, आणि वहिनींच्या कानाशी बोलायला लागले.

चांगला वेळ बोलले. वॉर्डबॉयनं एक पाय बदलून दुसऱ्यावर भार दिला. इतकं बोलताना मी घाटोळेंना कधी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी अंगठा आणि एक बोट जवळ आणून हवेत काहीतरी इवलंसं दाखवलं. मग ते इवलंसं दुसऱ्या हातात कसं बसतं, तेही फिरवून दाखवलं.

वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! एवढंसंच?"

आणि हसल्या. छातीवर हात ठेवून हसल्या. वॉर्डबॉय म्हणाला, "माताजी, हँसना मना है." तरी हसत होत्या. हसत हसतच आत गेल्या. दार बंद झालं.

घाटोळे बाकावर बसले. फॅक्टरीतली डबल ड्यूटी करून आल्यासारखे. तिवारीजींनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि हळूच म्हणाले, "बता दिया? किसने उठाया था?"

घाटोळेंनी चहा घेतला. फुंकर घालत बसले.

*

वहिनी सुखरूप बाहेर आल्या. जखम भरायला, उठून चालायला वेळ गेला. मग एक दिवस दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला. आधी घाटोळे उतरले, मग हात धरून वहिनी. बारीक झाल्या होत्या, पण धाप नव्हती. आपल्या पेटीपाशी गेल्या, झाकणावरची धूळ पदरानं झटकली आणि बसल्या.

रफीकभाईंनी कुंचला खाली ठेवला. मी चहा सांगितला. तिवारीजींच्या मात्र पोटात इतके दिवस तेच साचलेलं. चहाची वाटसुद्धा न पाहता म्हणाले, "भाभीजी, अब तो बता दीजिए. रामदीन को कौन ले गया?"

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण अजून वाचलं कुठे यांनी? घरी रोज भांडून राहिली मी! म्हणतात, दुकानात सगळ्यांसमोर वाचीन."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

तिवारीजी गोंधळले. "फिर उस दिन, अस्पताल में... भैया ने आपके कान में इतनी देर क्या बताया?"

घाटोळे बाजूच्या पेटीच्या कुलपाशी खटपट करायला लागले. कुलूप उघडंच होतं.

वहिनींनी पदर नीट केला. दरवाज्याकडे पाहिलं. मग रस्त्यावर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"तिवारीजी," त्या म्हणाल्या, "ते सांगायची परवानगी नाही!"